भाव ठरेपर्यंत

ताई,

तुमच्या तेरवीला उमरेडला पंगत बसली आणि ज्याला त्याला तुम्ही आठवलात ते खरेदीवरूनच. कोणी लग्नाच्या शालूचं सांगितलं, कोणी सोफ्याचं. शेजारच्या काकूंनी तर कूलरवाल्याची नक्कल करून दाखवली. मंदाताई दुकानात शिरल्या की तो कसा आधी पंखा लावायचा, मग पाणी मागवायचा, आणि मग स्वतःच खुर्चीत बसून घ्यायचा, कारण आता वेळ लागणार हे त्याला माहीत असायचं. मी वाढत होते, ऐकत होते आणि गप्प होते. माझ्याजवळची गोष्ट सगळ्यांत मोठी होती. पण ती सांगताना मला हसू आवरत नाही, आणि नणंदेच्या तेरवीत भावजय हसत उभी आहे हे काही बरं दिसलं नसतं.

म्हणून इथे सांगते. तुम्ही होतातच त्यात, तरी ऐका. तुम्हाला ती कितीदाही ऐकायला चालायची.

गाडी घ्यायचं वेड माझं होतं, सुधीरचं नाही. तुमच्या भावाला त्याची स्कूटर, कॉलनीतली दोन-चार ओळखीची वळणं आणि कोपऱ्यावरचा पानठेला एवढं पुरत होतं. मला मात्र कुहीहून आईला आणावं लागायचं. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. एसटीच्या पायरीपुढे ती उभी राहायची आणि त्या पायरीकडे असं पाहायची, जसं कोणी विहिरीत वाकून पाहतं. तेव्हाच मी ठरवलं. प्रताप नगरात आमच्या घरामागे ड्रायव्हिंग क्लास आहे, तिथे कॉलेजच्या पोरींमध्ये जाऊन बसले. त्या मला काकू म्हणायच्या. लायसन्सच्या टेस्टला त्यांच्यातल्या दोघी नापास झाल्या आणि काकू पास झाल्या. कॉलेजच्या ऑफिसातल्या नोकरीतून बरीच वर्षं बाजूला टाकत आलेले पैसे होते. गाडी माझ्या नावावर घ्यायची, हे मी सुधीरला एकदाच सांगितलं. तो म्हणाला, घे ना, मी कुठे नाही म्हणतो.

पहिल्यांदा शोरूमला मी त्यालाच सोबत नेलं, ही गोष्ट तुम्ही मला नंतर वर्षभर ऐकवली. तुमचा भाऊ म्हणजे दुकानदारांच्या स्वप्नातलं गिऱ्हाईक. भाजीवाली जो भाव सांगेल तो देतो आणि वर विचारतो, घरी सगळे बरे आहेत ना. शोरूमच्या पोराने कागद पुढे केला. सुधीरने तो वाचल्यासारखं केलं, ‘ठीक आहे’ म्हणाला आणि खिशात पेन शोधायला लागला. मी म्हटलं, अहो, घरी गॅस चालू राहिला वाटतं. तसं ओढतच बाहेर आणलं त्याला. तो रस्ताभर विचारत होता, दूध ठेवलं होतं का भाजी.

संध्याकाळी तुम्हाला फोन केला.

“किती सांगितले त्यानं?” तुम्ही विचारलं. मी आकडा सांगितला. 

“सही केली?”

“मी नाही केली.”

“अन् सुध्यानं?”

“पेन शोधत होते.”

“मंग मी उद्याच येते. तू रजा टाक. अन् सुध्याले सांग, त्याले बरं नाही.”

“त्यांना काय झालं?”

“दुकानात गेला का होते त्याले, तेच.”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तुम्ही आलात. कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला मोठी पिशवी, पिशवीत जेवणाचा डबा. मला वाटलं, आता ताई किल्ला लढवणार, आपण मागे उभं राहायचं. ऑटोत मी तुम्हाला माझी तयारी सांगितली. नागपुरातल्या दुसऱ्या शोरूमला आणि वर्ध्याच्या एका शोरूमला फोन करून त्याच गाडीचा भाव विचारला होता. ऑफिसातल्या एकीच्या ओळखीने बाहेरून विमा काढला तर किती पडतो तेही काढलं होतं. तुम्ही सगळं ऐकून घेतलं आणि म्हणालात, “मंग झालं तं. बोल तूच.”

“मी? मग तुम्ही कशाला आल्या?”

“मी बसायले आली. गाडी तुही आहे, भाव तू कर. फक्त मी सांगेपर्यंत उठायचं नाही.”

घाबरले ताई मी तेव्हा. पण खरं सांगू, त्यात भीती थोडी आणि मजा जास्त होती. शाळेत गॅदरिंगला स्टेजवर जाण्याआधी वाटायचं, तसं.

शोरूमच्या काचेचं दार उघडलं आणि आत ती उभी होती. लाल. खालच्या पांढऱ्या फरशीत तिचं प्रतिबिंब पण लाल पडलं होतं. माझे पाय तिकडेच निघाले. तुम्ही माझं कोपर धरलं.

“पाहू नको तिच्याकडे.”

“का?”

“तोंड पाह्य तुह्यं. लग्नाच्या मांडवातली नवरी दिसून राहिली तू. पाठ करून बस.”

मी पाठ करून बसले. तुम्ही माझ्यासमोर बसलात, गाडीकडे तोंड करून, आणि चपला काढून पाय वर घेतले. सोफा तुमच्या घरचाच असल्यासारखे.

पोरगा तोच होता, आदल्या दिवशीचा. निखिल. टाय लावलेला, बोलायला गोड. तुम्ही त्याला गाव विचारलं, घरी कोण कोण ते विचारलं, लग्न ठरलं का ते विचारलं. तो पण हुशार होता, सगळ्याची उत्तरं देता देता त्याने कागद पुढे सरकवलाच. मी चष्मा लावला. एकेका ओळीवर बोट ठेवायचं असं ऑटोत ठरलं होतं.

“हे हॅंडलिंग चार्जेस कशाचे?” मी विचारलं.

“मॅडम, गाडी आमच्या यार्डातून इथपर्यंत आणायचा खर्च असतो.”

मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही छताकडे पाहत होतात. मग माझं मलाच सुचलं. “मग यार्डाचा पत्ता द्या. मला चालवता येते. मी तिथूनच घेऊन जाते.”

 तुम्ही पदर तोंडाला लावला आणि खोकल्याचं सोंग केलं. निखिल “सरांना विचारून येतो” म्हणून मॅनेजरच्या केबिनकडे गेला. तो पाठमोरा झाला आणि तुम्ही माझ्या मांडीवर अशी थाप मारलीत की अजून आठवते. “कुठून आणलं वं हे?” तुम्ही म्हणालात. मला वाटलं, मी गाडीच नाही, अख्खं शोरूम विकत घेऊ शकते.

मग विमा. निखिल म्हणाला, आमच्याकडूनच घ्यावा लागतो. मी म्हटलं, घ्यावा लागतो असं लिहिलेलं दाखवा. तो पुन्हा केबिनकडे. मग अॅक्सेसरीजचं पॅकेज. मॅट, सीट कव्हर, दारांच्या पट्ट्या, सुगंधाची बाटली आणि डॅशबोर्डवरचा गणपती. इथे मात्र तुम्हाला राहवलं नाही.

“गणपती पण पॅकेजमध्ये आहे काय गा?”

“हो मावशी.”

“अन् नको म्हटला तर?”

निखिल पहिल्यांदा मनापासून हसला. “तर मी पण घ्याच म्हणणार नाही मावशी.” तो केबिनकडे गेला की तुम्ही पिशवीतून शेंगदाणे काढायचात, तो परत येताना दिसला की पिशवी बंद. सकाळभर हेच चाललं. दर फेरीला कागदावर काहीतरी कमी व्हायचं, पण मी वर्ध्याचा जो भाव डोक्यात धरून बसले होते, तिथे काही पोचत नव्हतं.

दुपार होत आली तसा निखिलने आवाज खाली आणला. ही ऑफर आजच्यापुरतीच आहे मॅडम. लाल रंगात एवढी एकच आहे. जेवणानंतर दुसरी पार्टी येणार आहे पाहायला.

मला घाम फुटला. एसीत. मी तोंड उघडलं, त्यातून ‘चालेल’ बाहेर पडणारच होतं, तेवढ्यात तुम्ही पायात चपला सरकवल्या. “चाल वं, जेवून घेऊ.”

शोरूमच्या कंपाउंडबाहेर कडुनिंबाखाली सिमेंटचा बाक होता. तिथे तुम्ही डबा उघडला. ज्वारीची भाकर, भरलेली वांगी, ठेचा. समोर काचेतून सगळं दिसत होतं. आणि खरोखरच एक कुटुंब आलं. मला वाटलं होतं की दुसरी पार्टी ही निखिलच्या मनातली असेल, पण ही तर चांगली अंगापिंडाने भरलेली पार्टी होती. नवरा-बायको, आजोबा, एक पोरगी. ती माणसं लाल गाडीभोवती फिरली. नवऱ्याने दार उघडलं आणि तो आत बसला. माझ्या जागेवर.

“ताई, गेली ती.”

“जाऊ दे. कंपनी रोज बनवते.”

“तुम्हाला काय जातं बोलायला? तुमची थोडीच आहे.”

माझ्या तोंडून ते निघालं आणि तुमचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण तुम्ही रागावला नाहीत. काचेकडेच पाहत तुम्ही म्हणालात, “खरं आहे. माही नाई. माही कधीच नव्हती कोणती.”

मग तुम्ही बोललात, आणि इतक्या वर्षांत तसं कधी बोलला नव्हतात. सगळ्या खानदानाच्या शालूंचा, सोफ्यांचा, कूलरचा भाव तुम्ही केला. भाऊजींची मोटारसायकल, उमरेडच्या घराच्या फरश्या, सुधीरच्या लग्नातला बँडसुद्धा. वस्तू ज्याची त्याच्या घरी जायची, तुम्ही तुमच्या घरी. स्वतःचा पगार होता तुमचा, खाणीच्या ऑफिसात टायपिस्ट म्हणून रिटायर झालात, पण तुमच्या नावाची पावती कोणत्याच मोठ्या वस्तूवर फाटली नाही. कोणी अडवलं नव्हतं. कोणी विचारलं नाही आणि तुम्ही मागितलं नाही, एवढंच.

“म्हणून म्हणते,” तुम्ही म्हणालात, “तुह्या नावाची पहिली वस्तू आहे. घाबरून घेऊ नको. घरी नेल्यावर तिच्याकडे पाहून जीव गार झाला पाहिजे. दर वेळी ‘फसलो’ असं आठवाले नको.”

मी माझ्या वाट्याचं वांगं तुमच्या भाकरीवर ठेवलं. आपल्या घरात माया दाखवायला याच्यापलीकडे कोणी जात नाही. आज वाटतं, तेव्हा काही तरी बोलायला हवं होतं. पण काय बोलले असते? तुम्हीच म्हणाला असतात, खा वं मुकाट्यानं.

तेवढ्यात त्या पार्टीतल्या पोरीने गाडीच्या बॉनेटला टेकून फोटो काढून घेतला आणि सगळे जण निघून गेले. तुम्ही माझ्याकडे पाहिलं, मी तुमच्याकडे. मग आपण दोघी जे हसायला लागलो, तो वॉचमन स्टूलवरून उठून पाहायला आला.

आत गेलो तेव्हा मी निखिलला म्हटलं, आता केबिनमध्येच बसू. मॅनेजर माझ्याच वयाचे होते, शांत, समोर कॅल्क्युलेटर. मी सकाळपासून ‘आम्हाला, आमचं’ असं बोलत होते. तिथे पहिल्यांदा ‘मला’ म्हटलं. “मला ही गाडी हवी आहे. आजच हवी आहे. वर्ध्याला ती या भावात मिळते, पण सर्व्हिसिंगला वर्ध्याला जायचं नाही म्हणून इथे आले. विमा मी बाहेरून काढणार. हॅंडलिंग देणार नाही. मॅट घेईन, बाकी काही नको. एवढं जमत असेल तर बुकिंगचे पैसे आत्ता भरते.”

ते म्हणाले, मॅडम, इतकं जमणार नाही. मधला एक आकडा सांगितला. मी पुन्हा काही बोलायला गेले तर टेबलाखाली तुमचा गुडघा माझ्या गुडघ्यावर दाबला गेला. मग मी गप्प बसले. तुम्ही गप्प. ते गप्प. निखिल दारात उभा, तो पण गप्प. एसीचा आवाज एवढा मोठा असतो हे मला तेव्हा कळलं. मॅनेजरांनी पेन उचललं, खाली ठेवलं. कॅल्क्युलेटरवर काही तरी दाबलं. 

“ठीक आहे मॅडम,” ते म्हणाले. “करून टाकू.”

माझे कान गरम झाले. आयुष्यात पहिल्यांदा मी एक मोठी गोष्ट मागितली होती आणि समोरच्याने ‘ठीक आहे’ म्हटलं होतं. मला उठून नाचावंसं वाटत होतं आणि मी मात्र मॅनेजरांना “बरं” म्हटलं, जशी काही रोज गाड्या घेते.

आणि इथून पुढे, ताई, आपलं भांडण सुरू होतं.

निखिलने नवा कागद छापून आणला. मी शेवटचा आकडा पाहिला आणि लक्षात आलं की ठरल्यापेक्षा तो बराच कमी आहे. वर पाहिलं तर सूट दोनदा वजा झाली होती, एकदा वर, एकदा खाली. घाईत चुकला होता पोरगा. मी काही बोलणार नव्हते. सकाळपासून त्यांनी आपल्याला नको त्या गोष्टींचे पैसे लावून पाहिले होते, तेव्हा त्यांना काही वाटलं नव्हतं. मी पेन हातात घेतलं. तुमचं बोट कागदावर आलं.

“निखिल, हे दोनदा कापलं गा तू.”

त्याने पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. “थॅंक्यू मावशी,” एवढं हळू म्हणाला की मॅनेजरांना ऐकू गेलं नसेल. कागद पुन्हा छापून आला, ठरलेल्या आकड्याचा. मी सही केली.

ऑटोत बसल्याबरोबर मी सुरू झाले. “दिवसभर भांडलो ते कशासाठी? आयतं मिळत होतं.”

“भांडून घेतलं ते तुह्यं. हे त्याच्या चुकीचं होतं.”

“त्यांनी मुद्दाम हॅंडलिंग लावलं ते चाललं?”

“नाई चाललं, म्हणून तं काढाले लावलं.”

“कंपनीला काय फरक पडतो, ताई?”

“कंपनीले नाई पडत. पोट्ट्याच्या पगारातून घेतले असते.”

“तुम्हाला काय माहीत? घेतले नसते.”

“तुले तरी काय माहीत?”

ऑटोवाल्याने आरशातून पाहून विचारलं, बाई, सब ठीक है ना. आपण दोघी एकदम म्हटलं, ठीक है, चलो. ते भांडण मग दर दिवाळीला, दर लग्नात निघालं. तुम्ही तुमचं सोडलं नाही, मी माझं. आजही मी म्हणते की ती आपली कमाई होती. तुम्ही समोर नाही म्हणून मी मान्य करीन असं समजू नका. फक्त आता मी हे म्हटलं की पुढचं वाक्य कोणी बोलत नाही, आणि मग माझंच म्हणणं मला अर्धवट वाटायला लागतं.

गाडी मिळाली त्या दिवशी शोरूमवाल्यांनी तिच्यावर चादर घातली होती. ‘अर्चना मॅडम’ अशी हाक मारून ती मला ओढायला लावली. सुधीरने फोटो काढले, सगळ्यांत त्याचं बोट आलं आहे. मग मी तशीच ती उमरेडला आणली, तुम्ही शेजारी, सुधीर मागे डोळे मिटून. कोळशाच्या ट्रकला मी ओव्हरटेक केलं तेव्हा तुम्ही काच खाली करून ट्रकवाल्याकडे पाहिलंत, जसं काही तुम्हीच त्याला मागे टाकलं. गल्लीत शिरण्याआधीच म्हणालात, हॉर्न वाजव. मी म्हटलं, समोर कोणीच नाही. तुम्ही म्हणालात, म्हणूनच वाजव, बाहेर तं निघतील.

आणि मग गेल्या वर्षी तुमचा फोन. “रजा टाक वं. मले बॅटरीची स्कूटर घ्यायची आहे. माह्या नावानं.”

मला इतका आनंद झाला होता की मी ऑफिसात उभ्या उभ्या सगळ्यांना सांगितलं. चार ठिकाणचे भाव काढले. मनात म्हटलं, आता मंदाताई स्वतःसाठी भाव करणार, बिचारा दुकानदार. आणि तुम्ही काय केलंत? निळ्या स्कूटरवर बसलात, आरशात पाहिलं, काउंटरवरच्या पोरीने भाव सांगितला आणि तुम्ही म्हणालात, “बरं.” मी तुमचा पाय दाबला. तुम्ही पाय बाजूला घेतला. “राहू दे वं. काहून त्रास द्यायचा त्या पोरीले.”

तुम्हाला पाठ करून बसवायला मी विसरले होते.

शेवटी बोलले मीच, बरंचसं कमीही करून घेतलं. तुमचं लक्षच नव्हतं, हॅंडलवर बोटं फिरवत बसला होतात. घरी जाताना तुम्ही म्हणालात, “तू बोलून राहिली होती तं मले मजा येऊन राहिली होती. कोणी माह्यासाठी बोलून राहिलं, असं पहिल्यांदाच पाहिलं.” त्यावरही मी काही म्हटलं नाही. हे दुसऱ्यांदा. एवढी बोलणारी मी, नको तिथेच गप्प बसते.

त्या स्कूटरवरून तुम्ही उमरेडभर फिरलात. गेल्या महिन्यात दुपारी जेवून आडव्या झालात त्या उठलाच नाहीत, त्या सकाळीसुद्धा भाजी आणायला तिच्यावरूनच गेला होतात. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्यांना काही कळलं नसेल. लाल गाडी मी त्या दिवशी कशी चालवत आणली, मला आठवत नाही.

तेरवी झाल्यावर भाऊजींनी फोन केला. “अर्चना, ती स्कूटर अंगणात पाहवत नाई. मले काई चालवता येत नाई. गिऱ्हाईक पाह्य. भाव तूच कर, तिनं तुलेच सांगितलं असतं.”

मागच्या रविवारी गिऱ्हाईक आलं. कुहीच्या दवाखान्यात नर्स आहे, कविता नावाची, एकटीच आली होती एसटीने. तिने बॅटरी विचारली, टायर दाबून पाहिलं, मागच्या बाजूचा ओरखडा बोटाने मोजल्यासारखा केला. नवी केवढ्याला मिळते ते काढून आली होती. मी आकडा सांगितला, तिने तिचा सांगितला. ती बोलायला लागली तशी मला मजा यायला लागली, ताई. कितीतरी दिवसांनी. तिला घाई नव्हती, चिडत नव्हती, आणि मला उगाच ‘मॅडम’ म्हणून फुगवत नव्हती. चहा गार व्हायच्या आत आम्ही एका आकड्यावर आलो. तिलाही पटला, मलाही पटला. तुम्हालाही पटला असता, एवढा बरोबर होता.

मग ती म्हणाली, “हेल्मेट पण द्या सोबत.”

मी म्हटलं, “हेल्मेटचं वेगळं.”

तिला थट्टा वाटली. मग तिने हेल्मेटचे वेगळे देऊ केले. मी नाही म्हटलं. तिने थोडे वाढवले. मी म्हटलं, नाही, कमी होतात. हेल्मेट साधंच होतं, बाजूने घासलेलं. भाऊजींनी पुन्हा चहा केला. मी अडून बसले होते. कविताने कप खाली ठेवला आणि विचारलं, “ताई, तुम्ही विकून राहिल्या की नाही?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय करत होते ते. भाव केव्हाच ठरला होता. हेल्मेटचं ठरत नव्हतं तोवर स्कूटर अंगणात होती.

 भाऊजी उठले, आत गेले आणि खुंटीवरचं हेल्मेट घेऊन आले. “दे तिले,” ते म्हणाले. “उघड्या डोक्यानं जाईन का पोट्टी कुहीले?”

कविताने ते घातलं. पट्टा तिला आखूड होत होता. तुमच्या हनुवटीला बेतून ठेवलेला होता ना तो. तिने एक घर सैल केला, मग आणखी एक. मग किल्ली फिरवली. बॅटरीची गाडी, आवाज नाही. फाटकातून निघाली तेव्हा कळलंसुद्धा नाही.

आम्ही दोघे तिथेच उभे होतो. गल्ली रिकामी झाली तरी उभे होतो.

भाऊजींनी विचारलं, “बरोबर भावात गेली ना?”

मी म्हटलं, “हो भाऊजी. बरोबर भावात गेली.”